डोंगरवाटेची मॅरेथॉन : तयारी चढाची की उताराची?

मंडळी, पहाटे साडेपाचच्या सुमारास नामपूरहून सटाण्याकडे जाणाऱ्या रस्त्याला जाऊन उभे राहा. माणूस दिसण्याआधी पावलांचा आवाज ऐकू येतो. पोलीस भरतीची तयारी करणारी ही मुले-मुली. भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावून दाखवावे लागते, म्हणून वर्षभर त्यांचा हा नेम चालू असतो. ह्यांच्यातलेच एखाददुसरे पोर मग माझ्याकडे येते आणि म्हणते, "सर, डोंगरातल्या मॅरेथॉनला नाव द्यावं म्हणतो. जमेल ना?"

पहिल्यांदा हा प्रश्न आला तेव्हा मी "जमेल की!" म्हणून मोकळा झालो. मुलगा चांगला चपळ होता. १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत पळायचा. शेतकऱ्याचे पोर, ओझे वाहिलेले, डोंगर पाहिलेले. ह्याला काय अवघड, असे मला वाटले. तो सह्याद्रीतल्या एका शर्यतीला गेला. पहिला डोंगर सगळ्यांच्या पुढे चढला, दुसराही चढला. पण दुसऱ्या डोंगराची उतरण अर्धी झाली असताना एका दगडावर बसला तो बसलाच. मला नंतर म्हणाला, "सर, दम होता. पायच नव्हते." चार दिवस त्याला घराचा जिना उतरता येईना. त्या सबंध प्रकारात त्याची चूक थोडी आणि "जमेल की" म्हणणाऱ्या माझी जास्त होती. आज जे सांगायचे आहे ते त्या दगडावर बसलेल्या मुलाला आधीच सांगायला हवे होते.

आधी मॅरेथॉन म्हणजे काय ते ठरवून घेऊ. आपल्याकडे गावात तीन किलोमीटरची दौड ठेवली तरी फलकावर मॅरेथॉन असेच लिहितात. उत्साह म्हणून ते ठीक आहे. पण खरी मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटरची. १९०८ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्ये हे अंतर धावले गेले आणि १९२१ साली ते कायमचे ठरले. मधल्या काळात अंतर थोडे कमीजास्त होत असे. १९२० साली बेल्जममधल्या अँटवर्प शहरी ऑलिंपिक झाले, तिथली मॅरेथॉन अर्ध्या किलोमीटरहून थोडी जास्त लांबवून ४२.७५ किलोमीटरची होती. ह्या शर्यतीशी आपला जवळचा संबंध आहे. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले तिथे धावले आणि २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. त्याच्या आदल्या वर्षी पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर दोराबजी टाटांनी खेड्यांतली मंडळी अनवाणी पळताना पाहिली होती, आणि नियमांची फारशी माहिती नसतानाही त्यांनी लावलेला वेळ पाहून आपली माणसे ऑलिंपिकला पाठवावीत हा विचार टाटांच्या मनाने घेतला. म्हणजे भारताच्या पहिल्या ऑलिंपिक संघामागे खेड्यातल्या माणसाचे पाय आहेत, हे विसरू नका.

ही झाली रस्त्यावरची मॅरेथॉन. डोंगरवाटेची गोष्ट वेगळी. आता महाराष्ट्रात अशा शर्यती पुष्कळ होऊ लागल्या आहेत. साताऱ्याला २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटातून अर्धमॅरेथॉन होते. ती चढाची आहे, पण डांबरी रस्त्यावरची. पुण्याजवळ सिंहगड, राजगड आणि तोरणा असे तीन गड जोडणारी शर्यत मात्र खऱ्या अर्थाने रानवाटेची. दगडगोटे, कारवीची झाडी, घसारा, कधी हातापायांनी चढायचा कातळ, असे सगळे तीत येते. आणि आपल्या बागलाणात तर अशी शर्यत कुणी भरवली नाही तरी जमीन तयारच आहे. सेलबारी-डोलबारीची रांग, मुल्हेर, मांगी-तुंगी, आणि ह्या सर्वांवर डोके काढून उभा असलेला साल्हेर. त्याची उंची १५६७ मीटर. महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला तो. कळसूबाई तेवढी त्याहून उंच, पण ती किल्ला नव्हे.

अशा मुलखात अंतराचे गणितच बदलते. स्कॉटलंडमधल्या नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा हिशेब मांडला, तो अजून सगळीकडे वापरतात. सपाटीवर चालणाऱ्याने तासाला पाच किलोमीटर धरावेत आणि प्रत्येक ६०० मीटर चढाईला एक तास वेगळा धरावा. म्हणजे ६०० मीटर वर चढणे हे पाच किलोमीटर सपाट चालण्याबरोबर झाले. गुरुजी मंडळींनी हे उदाहरण फळ्यावर मांडून पाहावे. समजा, शर्यत ४२ किलोमीटरची आहे आणि तीत सगळे चढ मिळून १८०० मीटर होतात. १८०० भागिले ६०० म्हणजे तीन. तीन पंचे पंधरा. तुमचे ४२ किलोमीटर झाले ५७. आणि ह्यात वाटेच्या दगडगोट्यांचा हिशेब धरलेलाच नाही. चांगला धावणारा नेस्मिथच्या वेळेपेक्षा पुष्कळ लवकर पोहोचेल, पण प्रमाण हेच राहते. सपाटीवर चार तासांत मॅरेथॉन करणारा माणूस "डोंगरात पाच तास लागतील" असे धरून निघाला, तर त्याचे पाणी, खाणे आणि धीर तिन्ही गोष्टी वाटेतच संपतात.

तेव्हा डोंगराची तयारी किलोमीटरांनी मोजू नका, तासांनी मोजा. आज किती पळालो हे विचारण्याऐवजी, आज पायांवर किती वेळ होतो हे विचारा.

तयारीला किती दिवस हवेत? जो आज न थांबता तासभर सावकाश धावू शकतो, त्याला वीस आठवडे धरावेत. ज्याला तेवढे येत नाही त्याने आधी तेवढे करावे, शर्यतीचा विचार पुढच्या वर्षी. पहिले सात-आठ आठवडे डोंगराच्या वाटेला जाऊही नका. आपल्याकडे मोसम नदीवर जुन्या फडपद्धतीचे बंधारे आहेत, त्यांचे पाट आहेत. पाटाच्या कडेची मातीची वाट ही सुरुवातीला डांबरी रस्त्यापेक्षा फार चांगली. तिथे आठवड्यातून चार दिवस धावावे. वेग किती? शेजारी पळणाऱ्याशी पुरे वाक्य बोलता आले पाहिजे, इतकाच. बोलताना शब्द तुटायला लागले की वेग जास्त झाला. भरतीच्या मुलांना हे सर्वांत जड जाते. त्यांना दम लागेपर्यंत पळाल्याशिवाय व्यायाम झाल्यासारखेच वाटत नाही. पण लांब पल्ल्याचा दम सावकाश धावण्यानेच तयार होतो. हृदय, रक्तवाहिन्या, स्नायूंतल्या बारीक केशवाहिन्या ह्या सगळ्यांना वाढायला वेळ लागतो, आणि घाई केली तर दम वाढायच्या आत नडगी नाहीतर गुडघा दुखू लागतो. स्नायू आठवड्यांत तयार होतात, हाडे आणि स्नायूबंध महिन्यांत.

ह्या चार दिवसांपैकी एक दिवस लांब फेरीचा. तो दर आठवड्याला थोडा थोडा वाढवत न्या, आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करा. शेतीच्या कामाचाही ह्यात हिशेब धरा बरं का! दिवसभर वाकून कांद्याची लागण केली आणि संध्याकाळी "आजचा नेम चुकायला नको" म्हणून दहा किलोमीटर पळालात, तर तो नेम नव्हे, हट्ट झाला. शेतातले कष्ट पायांच्या आणि कमरेच्या खाती जमा धरायचे.

आठ आठवडे झाले की डोंगराकडे वळायचे. चढाबद्दल मला थोडक्यात सांगायचे आहे, कारण चढ स्वतःच माणसाला शिकवतो. जास्त घाई केलीत की तो तुमची धाप लावून तुम्हाला थांबवतो. एकच गोष्ट लक्षात ठेवा. उभ्या चढावर चालण्यात कमीपणा नाही. जगातले नामांकित डोंगरी धावपटूसुद्धा उभा चढ हात मांड्यांवर टेकून झपाझप चालत चढतात, कारण तिथे धावण्याने वेग फारसा वाढत नाही आणि शक्ती मात्र दुपटीने जाते. पाऊल आखूड टाका, अंग थोडे पुढे झुकवा, टाच टेकत असेल तिथे पुरती टेकू द्या. नुसत्या चवड्यांवर चढलात तर पोटऱ्या लवकर भरून येतात.

आता उतार. इथे जरा थांबू या, कारण माझा विद्यार्थी इथेच बसला होता.

उताराला दम लागत नाही. वारा तोंडावर येतो, पाय आपोआप पडतात, आणि माणसाला वाटते की आता विश्रांती मिळाली. हीच फसगत आहे. स्नायूला दोन तऱ्हांनी काम करावे लागते. विहिरीतून भरलेली बादली वर ओढताना दंडाचा स्नायू आखडत जातो, हे एक काम. पण तीच बादली दोर हळूहळू सोडत खाली उतरवायची असेल, तर स्नायूला ताण धरून ठेवत ठेवत लांब व्हावे लागते. हे दुसरे काम. दुसऱ्यात दम कमी लागतो, पण स्नायूचे धागे जास्त तुटतात. उतरताना प्रत्येक पावलाला तुमच्या मांडीचा पुढचा स्नायू हेच दुसरे काम करीत असतो. सबंध शरीराचे वजन, शिवाय खाली येण्याचा वेग, तो एकटा अडवून धरतो. असे हजारो वेळा झाले की त्याचे बारीक धागे जागोजाग फाटतात. दम शाबूत राहतो, पण पाय भार घेत नाहीत. मुलगा म्हणाला त्याचा अर्थ हा.

ही दुखण्याची कळ लगेच येत नाही हेही ध्यानात ठेवा. ती दुसऱ्या दिवशी सुरू होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. त्यामुळे "काल उतरलो, आज काही दुखत नाही" म्हणून सकाळीच पुन्हा डोंगर उतरायला जाऊ नका.

पण निसर्गाने ह्यावर एक उतारा दिला आहे. (शब्द आपोआप आला, क्षमा असावी.) एकदा बेताची उतरण करून पाय दुखले आणि बरे झाले, की तोच स्नायू पुढच्या वेळी तेवढ्याच उतरणीने फार कमी फाटतो. आणि हे संरक्षण कित्येक आठवडे टिकते. म्हणजे उताराची लस टोचून घेता येते! म्हणून बाराव्या आठवड्यापासून दर आठ-दहा दिवसांनी एकदा मुद्दाम उतरणीचा सराव करा. सुरुवात गावाजवळच्या एखाद्या टेकाडाने करा. पाच-सहा वेळा चालत चढा, हलके धावत उतरा. मग मोठ्या डोंगराकडे जा. साल्हेरला वाघांब्याकडून चढून साल्हेर-सालोट्याच्या खिंडीतून वर जाणे आणि त्याच वाटेने उतरणे ही उत्तम परीक्षा आहे. पण तिथल्या कातळात कोरलेल्या पायऱ्यांवर कुणी धावू नये, त्या सावकाश उतरायच्या. मांगी-तुंगीला हजारो पायऱ्या आहेत. ते तीर्थक्षेत्र आहे, तेव्हा यात्रेकरूंना धक्काबुक्की न करता, गर्दी नसेल अशा वेळी जावे. शेवटची कसून उतरण शर्यतीच्या अडीच-तीन आठवडे आधी. त्यानंतर नाही.

ज्यांना जवळ डोंगर नाही त्यांना घरची पायरी पुरते. पायरीच्या कडेवर एका पायावर उभे राहा आणि दुसऱ्या पायाची टाच मनात चार आकडे मोजत सावकाश जमिनीला टेकवा. प्रत्येक पायाने दहा-पंधरा वेळा, आठवड्यातून तीन दिवस. दिसायला पोरखेळ, पण दुसऱ्या दिवशी मांड्या साक्ष देतात. आपल्या तालमीतल्या बैठकाही सावकाश खाली जाऊन काढल्या तर हेच काम करतात.

उतरावे कसे? नामपूरच्या बाजारात कांद्याने भरलेली ट्रॉली घेऊन येणारा ट्रॅक्टरवाला उतारावर क्लच दाबून गाडी मोकळी सोडत नाही, आणि सारखा ब्रेकही दाबून धरत नाही. तो खालच्या गियरमध्ये गाडी ठेवतो. पायांचा खालचा गियर म्हणजे आखूड आणि भराभर पावले. लांब ढांग टाकली की टाच पुढे पडते, गुडघा ताठ होतो आणि सगळा हादरा गुडघ्यात जातो. गुडघा थोडा वाकलेला ठेवा. भीतीने मागे रेलू नका. मागे रेललेला माणूस घसाऱ्यावर बसकण मारतो. नजर पायाच्या अंगठ्यावर नको, तीन-चार पावले पुढे हवी. पुढच्या पावलांची जागा आधी डोळ्यांनी निवडायची, पाय मागून येतात. हात मोकळे, तोल सावरायला. ढोरवाटांनी रोज उतरणारे आपले गुराखी हे सगळे न शिकता करतात. त्यांच्या मागून एकदा उतरून पाहा.

पायताणाबद्दल लोक फार विचारतात. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी मॅरेथॉन जिंकला, हे खरे आहे. पण तो शहराच्या रस्त्यावर धावला, बाभळीच्या काट्यांतून नव्हे. डोंगरात तळाला खोल खाचा असलेले बूट हवेत. उतरताना पाय पुढे सरकतो, म्हणून बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा राहील असा बूट घ्या आणि नखे आठवडाभर आधी कापा, नाहीतर ती काळी पडून निघून येतात. महाग बूटच हवा असे नाही, पण शर्यतीच्या दिवशी नवा बूट घालू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असावे. त्याला बुटापेक्षा कमी पैसे पडतात.

पाण्याविषयी एक गैरसमज काढून टाकायचा आहे. "जितके पाणी प्याल तितके चांगले" हे खरे नाही. २००२ साली बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तर त्यांपैकी १३ टक्के लोकांच्या रक्तातले मीठ, म्हणजे सोडियम, कमी झालेले आढळले. मुख्य कारण, वाटेत फार पाणी पिऊन त्यांचे वजन वाढले होते. रक्त पातळ झाले की डोके दुखते, उलटी होते, भ्रम होतो, आणि प्रकरण वाढले तर माणूस दगावतो. भोवतालचे लोक त्याला उन्हाचा त्रास समजून आणखी पाणी पाजतात! म्हणून तहान लागेल तसे घोट घोट प्यावे. आपला घाम किती जातो हे घरी कळते. तासभर धावण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, एकाच काट्यावर वजन करा. मधे काही प्यायले नसाल तर जितके किलो उतरले तितके लिटर घाम गेला. एवढे सगळे भरून काढायचे नसते. पण वजन वाढता मात्र कामा नये. लांब फेरीत साखर-मिठाचे पाणी बरोबर ठेवा: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. लिंबू चवीपुरते.

खाण्याला परदेशी पुड्या लागत नाहीत. दीड तासापेक्षा जास्त वेळ पळायचे असेल तर ताशी तीस ते साठ ग्रॅम पिष्ट-शर्करा पोटात जावी. एक केळे आणि गुळाचा लहान खडा मिळून चाळीसच्या आसपास होतात. राजगिऱ्याचा लाडू चालतो. शेंगदाणे चांगले, पण धावताना पोटात जड बसतात. ते घरी आल्यावर. आदल्या रात्री बाजरीची किंवा नागलीची भाकरी जी रोज खाता तीच खा. शर्यतीच्या दिवशी कुणी प्रेमाने दिलेला नवीन पदार्थ खिशात ठेवा, तोंडात नको. वाटेत अंग दुखू नये म्हणून वेदनाशामक गोळ्या घेण्याची खोड मी पाहिली आहे. पाणी कमी झालेल्या शरीरात ह्यांतल्या कित्येक गोळ्या मूत्रपिंडाला इजा करतात. तेव्हा त्या टाळाव्यात.

हवामान ही डोंगरातली निम्मी शर्यत असते. बागलाणात एप्रिल-मे महिन्यांत उन्हात लांब फेरी करू नये. उन्हात शर्यत असेलच तर दहा ते चौदा दिवस थोडे थोडे त्या उन्हात धावून शरीराला सवय करावी. सोबत्याची जीभ अडखळू लागली, तो असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या जाऊ लागल्या, तर शर्यत तिथेच संपली असे समजा. सावलीत न्या, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला, आणि हे करीत करीत दवाखान्याची सोय करा. आधी गाडी आणि मग पाणी, असा क्रम लावू नका.

थंडीचा विचार आपल्याला सुचतच नाही. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात डोंगरातली शंभर किलोमीटरची शर्यत होती. १७२ धावपटू निघाले. दुपारी उंचावर अचानक गारा, पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुटला. बहुतेकांच्या अंगावर पातळ बनियन आणि आखूड चड्डी. २१ माणसे गारठून मेली. त्यांत नामांकित धावपटू होते. तिथल्या एका मेंढपाळाने आपल्या गुहेवजा घरात चूल पेटवून सहा जणांना वाचवले. आपल्याकडे इतकी थंडी नसते हे खरे, पण दर हजार मीटर चढल्यावर हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते, आणि घामाने भिजलेल्या अंगाला साल्हेरच्या माथ्यावरचा डिसेंबरातला पहाटवारा लागला तर दात वाजतात. धनगराच्या खांद्यावर भर दुपारीही घोंगडी असते, ती उगीच नव्हे. तुम्ही घडी करून खिशात मावणारा एक वाराबंद पातळ कोट ठेवा. एक शिटी ठेवा. आणि गडांच्या कड्यांना आग्या मोहोळे असतात. तिथे आरडाओरडा, धूर, अत्तराचा फवारा ह्यांतले काही नको.

आता थोडे खास गुरुजींसाठी. तुमच्या शाळेत एखादे पोर अफाट पळणारे निघते आणि गाव त्याला डोक्यावर घेते. ओडिशातला बुधिया सिंग तुम्हाला आठवत असेल. २००६ साली, वयाची पाच वर्षे पुरी व्हायच्या आत, त्याला पुरीपासून भुवनेश्वरपर्यंत ६५ किलोमीटर पळवले. लोकांनी कौतुक केले, डॉक्टरांनी तपासले आणि सरकारला त्याचे पळणे थांबवावे लागले. वाढत्या हाडांच्या टोकांना कूर्चा असते. तिच्यावर तासन्‌तास हादरे बसू देणे धोक्याचे. अठरा वर्षांखालच्या मुलांनी डोंगर चढावेत, खेळावेत, छोट्या शर्यती पळाव्यात. मॅरेथॉन त्यांची नव्हे. ती पळू शकतात म्हणून त्यांना पळवावे असे होत नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात लोह कमी असल्याचे सरकारी पाहणीत निघाले आहे. मुलगी सराव करूनही मागे पडत असेल, लवकर थकत असेल, तर "आळशी आहे" म्हणण्याआधी तिचे हिमोग्लोबिन तपासा. सरकारी दवाखान्यात ते होते. दुसरे असे की, मुलगा पहाटे एकटा पळायला जातो, मुलीला ते जमत नाही. तिच्याबरोबर चार मैत्रिणी आणि एखादी बाई किंवा सायकलवर भाऊ असला, तर घरचे नाही म्हणत नाहीत. एवढी सोय केली तर काय होते, हे आपल्याच जिल्ह्याने पाहिले आहे. हरसूलकडच्या सावरपाड्याची कविता राऊत डोंगरवाटांनी पाणी आणता आणता धावायला लागली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले, त्याच वर्षी ग्वांगझोच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. लोक म्हणतात डोंगराने तिला घडवले. ते अर्धे खरे. त्या दोहोंच्या मधे नाशिकला प्रशिक्षकाच्या हाताखाली घातलेली कित्येक वर्षे आहेत, ती कुणी सांगत नाही. चाळिशी ओलांडलेल्या आमच्यासारख्यांनी मात्र नाव देण्यापूर्वी हृदयाची तपासणी करून घ्यावी, आणि छातीत दडपण आले तर त्याला पित्त म्हणू नये.

शेवटचे दोन आठवडे तयारी कमी करायची. पहिल्या आठवड्यात नेहमीच्या निम्मी, दुसऱ्यात त्याहून कमी. ह्या दिवसांत पाय शिवशिवतात, आपण मागे पडू असे वाटते, आणि हौशी माणूस शुक्रवारी डोंगर चढून येतो. तसे करू नका. झोप घ्या. शर्यतीची वाट कागदावर उतरवून घ्या: चढ कुठे, पाणी कुठे, रस्ता जवळ कुठे येतो, म्हणजे सोडायची वेळ आली तर बाहेर कुठून पडायचे. घरच्यांना तो कागद दाखवा. शर्यत सुटल्यावर पहिला तासभर लोक पुढे जात राहतील, जाऊ द्या. पहिल्या उतरणीवर तर खास जाऊ द्या. त्यांतले बरेच जण तिसऱ्या उतरणीवर तुम्हाला भेटतात.

माझा तो विद्यार्थी पुढल्या वर्षी पुन्हा गेला. ह्या खेपेस चढ चालत चढला, उतार आखूड पावलांनी उतरला, आणि पहिल्या पन्नासातही आला नाही. पण शर्यत पुरी करून स्वतःच्या पायांनी घरी आला. दुसऱ्या दिवशी मी चौकशीला गेलो तर तो जिना पाठमोरा उतरत होता. तसे उतरले की मांड्यांना त्रास कमी होतो. ही युक्ती मी त्याला सांगितलेली नव्हती, त्याने स्वतःच शोधून काढली होती.